वीस दिवसांच्या आधीचं

गल्लीत त्यांना सगळे पुरावेकाका म्हणत. तोंडावर नव्हे, पण पाठीमागेही फार लांब जाऊन नव्हे. त्यामुळे ते नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि मनातून त्यांना त्याचा थोडा अभिमानच वाटायचा. तीस वर्षं ते परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांच्या फेरतपासणीच्या टेबलावर बसले होते. गुण कमी पडले म्हणून रडत आलेली पोरं आणि हातघाईवर आलेले बाप त्यांनी रोजच्या रोज पाहिले, आणि प्रत्येकाला चष्म्याच्या वरून बघत एकच विचारलं, "पुरावा काय?" निवृत्तीनंतर टेबल सुटलं, प्रश्न काही सुटला नाही. दूधवाला म्हणाला, आज दूध घट्ट आहे, पुरावा काय? डॉक्टर म्हणाले, तब्येत सुधारतेय, पुरावा काय? बायको म्हणाली, मी मघाशीच तुम्हाला हाक मारली होती. तर तिच्याकडेही पुरावा नसायचा.

अशा माणसाला जावयाने घराला कॅमेरे बसवून दिले, म्हणजे लहान मुलाच्या हाती खेळण्याचं दुकानच दिलं. चार कॅमेरे होते: फाटकावर, मागच्या दारावर, जिन्यात आणि गच्चीवर. बैठकीच्या खोलीत कपाटावर रेकॉर्डरची काळी पेटी, तिचा पंखा दिवसभर गुणगुणायचा. काका रोज सकाळी वर्तमानपत्राआधी आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग आठपट वेगाने बघत. मांजर किती वाजता भिंतीवरून गेलं, हे त्या घराला आता मिनिटासकट माहीत असायचं.

फक्त दुपारी दोन ते चार काका झोपत. कानात कापसाचे बोळे घालून, डोळ्यांवर रुमाल टाकून, अगदी शिस्तीत. त्या दोन तासांत काय झालं ते दुसऱ्या दिवशी आठपट वेगाने बघायला मिळायचंच, मग जागं राहण्याची गरजच काय? शिवाय आठपट वेगात दुपारचे दोन तास म्हणजे पंधरा मिनिटांची रटाळ गल्ली. तेवढ्यात काका चहा घेऊन यायचे.

तर एका सकाळी काकांनी फाटकाजवळची मोठी कुंडी सरकवली. ती कुंडी तिथे कधी आली ते त्यांना आठवत नव्हतं. बायकोने कधीतरी ठेवली असणार. वेलीला ऊन मिळत नाही असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी कुंडी हाताने रेटत दोन फूट बाजूला केली. मागे फाटकाचा डावा खांब होता. त्याचा खालचा कोपरा फुटलेला होता. चांगली हातभर लांबीची ढलपी उडाली होती, आतली वीट दिसत होती, आणि विटेवर पांढऱ्या रंगाचा ओरखडा होता.

काकांनी आरडाओरडा केला नाही. ते आत गेले, चष्मा, टेप आणि वही घेऊन आले आणि खाली बसले. फुटलेल्या जागेत कोळ्याचं जाळं होतं, त्यात दोन वाळलेल्या माश्या. म्हणजे जखम ताजी नव्हती. ओरखड्याची जमिनीपासून उंची बावन्न सेंटीमीटर. पांढरा रंग. गल्लीत पांढऱ्या गाड्या दोन: एक समोरच्या ड्रायव्हरसाहेबांची, दुसरी खुद्द काकांची. स्वतःच्या गाडीचा विचार करण्यात अर्थ नव्हता. ती आच्छादनाखाली झोपलेली असायची आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा काका तिला पेट्रोल पंपापर्यंत फिरवून आणत.

समोरचे ड्रायव्हरसाहेब म्हणजे बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. बत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही, असं ते कोणी विचारलं नाही तरी सांगत. ते सकाळी फिरायला गेल्यावर काकांनी टेप घेऊन त्यांच्या गाडीचा मागचा बंपर मोजला. बावन्न. आपल्या गाडीचा बंपर त्यांनी मोजला नाही. आपल्याच घरात कोणी टेप लावत बसतं का?

संध्याकाळी काकांनी त्यांना फाटकाशीच गाठलं.

"हे बघा," काका खांबाकडे बोट दाखवून म्हणाले.

ड्रायव्हरसाहेबांनी पाहिलं. त्यांचा चेहरा जरा पडला. "अरेरे," ते म्हणाले.

"तुम्ही गाडी वळवायला रोज आमच्या फाटकात मागे घेता."

"माझ्या गाडीने तुमच्या खांबाला हात लावलेला नाही, साहेब."

"मग कोणाच्या?"

यावर ड्रायव्हरसाहेब आपल्या चपलांकडे बघत राहिले. माणूस खोटं बोलायला लागला की पायाकडे बघतो, हे काकांनी तीस वर्षं पाहिलं होतं. खरं लपवणारा माणूसही तिकडेच बघतो, हे मात्र त्यांच्या टेबलावर कधी आलं नव्हतं.

"पुरावा असेल तर दाखवा," ड्रायव्हरसाहेब शेवटी म्हणाले आणि घरात गेले.

हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायची काकांना सवय नव्हती. ते रात्री नीट जेवले नाहीत. सकाळी उठून त्यांनी रेकॉर्डर उघडला आणि जितकं मागे जाता येईल तितकं गेले. वीस दिवस. वीस दिवसांची गल्ली त्यांनी वेग आणखी वाढवून दोन दिवसांत बघून संपवली. दूधवाला, मांजर, पोस्टमन, रोज अडीचला पिशवी घेऊन बाहेर जाणारी आणि चारच्या आत पिशवी घेऊन परतणारी बायको, पुन्हा मांजर. खांब नेमका कुंडीमागे. एकविसाव्या दिवशी पडदा कोरा.

"जाऊ द्या ना," बायको म्हणाली. "एवढासा तर कोपरा. सिमेंट लावून टाकू."

"प्रश्न कोपऱ्याचा नाही."

"मग कशाचा आहे?"

"तत्त्वाचा," काका म्हणाले. यावर बायको बोलत नसे. लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर कुठे गप्प बसायचं ते तिला पाठ होतं.

गुरुवारी दोन वाजता कॅमेरेवाली बाई आली. चाळिशीची, खांद्याला जड बॅग, केस घट्ट बांधलेले. दारातच चपला काढून तिने नजरेनेच सगळ्या वायरींचा माग काढला. त्या दिवशी काकांनी झोप रद्द केली होती. कापसाचे बोळे टेबलावर तसेच पडून होते.

"कुठल्या तारखेचं हवंय?" तिने विचारलं.

"तारीख माहीत असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? एका महिन्याच्या आधीचं. कदाचित दोन."

तिने रेकॉर्डर उघडून पाहिला. "काका, यात वीस दिवसच राहतं. डिस्क भरली की नवीन जुन्यावर चढतं."

"पण मी तर काही पुसलं नाही."

"तुम्ही नाही पुसलं. एकच वही आहे, संपली की पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेते."

"मग खालचं अक्षर काढा. आमच्याकडे खाडाखोड केलेले आकडे आम्ही उजेडासमोर धरून वाचायचो."

"कागदावर वाचता येतं, यात नाही येत. येतं म्हणून सांगणारे भेटतील तुम्हाला. त्यांना घरात घेऊ नका."

काका खुर्चीत मागे टेकले. पुरावा होता, आणि आपल्याच घरात, आपल्याच पेटीत, आपल्या डोक्यावर गुणगुणत तो पुसला गेला होता. तीस वर्षांत त्यांच्या ताब्यातली एक उत्तरपत्रिका हरवली नव्हती.

आतल्या दारात उभ्या असलेल्या बायकोने हलकेच श्वास सोडला. "चला, झालं म्हणजे," ती म्हणाली. "चहा टाकू ना?"

"एक मिनिट काकू," बाई म्हणाली. "फाटकावरचा कॅमेरा वेगळ्या बनावटीचा दिसतोय. जरा स्टूल मिळेल?"

"स्टूल डुगडुगतं," बायको घाईने म्हणाली. "उगाच पडाल बिडाल."

पण काकांनी स्टूल आणलंसुद्धा आणि स्वतः धरून उभे राहिले. बाई वर चढली, कॅमेऱ्याच्या बुडाचं झाकण स्क्रूने उघडलं आणि नखाएवढं काळं कार्ड दोन बोटांत धरून खाली उतरली.

"हे बघा. यात स्वतःची मेमरी आहे. फाटकात काही हललं की वीस सेकंदांचा तुकडा इथे वेगळा साठतो. फक्त हललं तरच. त्यामुळे हे महिनोन् महिने पुरतं. कोणी घातलं हे?"

"जावयाने," काका म्हणाले, आणि जावयाबद्दल त्यांना एकदम प्रेम दाटून आलं. लेकीच्या लग्नानंतर अकरा वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं.

"मी जरा कोपऱ्यावर जाऊन येते," बायको म्हणाली. "साखर संपलीय." पिशवी घेऊन ती निघालीसुद्धा. अडीच वाजले होते. साखरेचा डबा गळ्यापर्यंत भरलेला होता, पण काकांना या घडीला साखरेचं काही पडलं नव्हतं.

बाईने कार्ड आपल्या लॅपटॉपला लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. तुकडे हजारांनी होते, पण एकाचीही तारीख धड नव्हती. काही तर कित्येक वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीचे.

"कॅमेऱ्याचं घड्याळ कोणी लावलेलंच नाही," ती म्हणाली. "वीज गेली की बिचारं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. असा एखादा दिवस सांगा ज्याची तारीख पक्की माहीत आहे आणि फाटकातून काहीतरी आत आलं."

"फ्रीज!" काका म्हणाले. "नवा फ्रीज आला तो दिवस. पावती आहे."

पावती अर्थातच होती. फाइलमध्ये, प्लास्टिकच्या पाकिटात. दोन हमाल फ्रीज घेऊन फाटकातून आत येताना सापडले, आणि काका हात हलवत त्यांना दिशा दाखवताना. तिथून बाईने दिवस मोजायला घेतले. सूर्याची सावली खांबावर कुठे पडते त्यावरून वेळ. काका वहीत उणे-अधिक करत होते. इतक्या दिवसांत त्यांना इतकी मजा आली नव्हती. बाईला त्यांनी दोनदा "वा!" म्हटलं, आणि काकांचं "वा!" म्हणजे काय चीज होती ते त्यांच्या जुन्या कचेरीतल्या लोकांना विचारावं.

सव्वातीनला तो तुकडा सापडला.

दुपार. रिकामं फाटक, सताड उघडं. डाव्या बाजूने एका पांढऱ्या गाडीचा मागचा भाग हळूहळू, अगदी लाजत लाजत आत येतो. थांबतो. थोडा पुढे जातो. मग काहीतरी ठरवल्यासारखा झटक्यात मागे येतो आणि खांबावर आदळतो. ढलपी उडते. काचेवर ऊन चमकल्यामुळे नंबर दिसत नाही. तिथेच वीस सेकंद संपतात.

"सापडला!" काका उभेच राहिले. "आता सांगा म्हणावं, बत्तीस वर्षं!"

बाई पुढे काही बोलणार, तोवर काकांनी फोन उचलला होता. गल्लीच्या ग्रुपवर त्यांनी एका बोटाने लिहिलं: 'आमच्या खांबाच्या नुकसानीचा पुरावा हाती आला आहे. रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या बैठकीच्या खोलीत सर्वांसमोर दाखवण्यात येईल. सर्वांनी अगत्य येणे. चहा-बिस्किटांची सोय आहे.' शुद्धलेखन तपासलं आणि पाठवून दिलं. लगेच सात अंगठे आले.

"काका," बाई म्हणाली, "याच्या पुढचाही तुकडा आहे. बघायचाय?"

"बघायचा म्हणजे? दाखवा की. उतरलेला माणूस दिसला पाहिजे."

उतरलेला माणूस दिसला. आधी शेजारच्या सीटकडचं दार उघडलं आणि ड्रायव्हरसाहेब कपाळ चोळत बाहेर आले. काका "हं!" म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की गाडी चालवणारा माणूस त्या बाजूने उतरत नाही. दुसरं दार उघडलं. त्यातून काकांची बायको उतरली. तिने खांबाकडे बघितलं, दोन्ही हात तोंडावर घेतले. आणि मग सरळ वर, कॅमेऱ्यात पाहिलं.

पुढच्या तुकड्यात दोघं मिळून मागच्या अंगणातून ती मोठी कुंडी ढकलत आणत होते.

बाईने बॅगेतली पाण्याची बाटली काढली, जरुरीपेक्षा जास्त वेळ पाणी प्यायली आणि म्हणाली, "हेच हवं होतं ना तुम्हाला?"

"हो," काका म्हणाले. मग वही मिटून, "सगळं द्या. याच्या आधीचंही, दुपारचं."

तिने पेन ड्राइव्हवर सगळं उतरवून दिलं, कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं, आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "तसं पुसताही येतं काका. हवं असेल तर." काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बायको परत यायच्या आत त्यांनी सगळं पाहिलं, आणि या वेळी आठपट वेगाने नाही. अपघाताआधीच्या अकरा दुपारी होत्या. पहिल्या दुपारी गाडी फाटकाबाहेर पाऊलभर उडी मारून बंद पडली. पुन्हा उडी, पुन्हा बंद. सहा वेळा. ड्रायव्हरसाहेबांनी कपाळाला हात लावलेला काचेतून दिसत होता आणि बायको स्टीअरिंगवर डोकं टेकून हसत होती. खांदे गदगदा हलत होते. काकांनी तो तुकडा पुन्हा लावला. ती अशी हसते हे त्यांना आठवत नव्हतं. पुरावा मात्र समोर होता. पाचव्या दुपारी गाडी एका झटक्यात निघाली. नवव्या दुपारी तर वळताना तिने हात बाहेर काढून मागच्या सायकलवाल्याला "जा पुढे" अशी खूणही केली, मोठ्या रुबाबात.

आपल्याला का नाही विचारलं, हा प्रश्न त्यांना पडला, आणि उत्तर मागोमाग आलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं. काकांनी एक दिवस शिकवलंही होतं. प्रत्येक गिअरला ते म्हणत होते, "हाच गिअर का टाकला? कारण सांग." तिसऱ्या चौकात ती गाडी बंद करून उतरली होती आणि चालत घरी आली होती. पुढे गाडीचा विषय तिने कधी काढला नाही, आणि काकांनी त्याचा अर्थ असा लावला होता की तिला गाडीत रस नाही.

संध्याकाळी बायकोने ताट वाढताना सहज विचारल्यासारखं केलं. "ग्रुपवर वाचलं. सापडलं म्हणे?"

"सापडलं."

"काय दिसतं त्यात?"

"गाडी दिसते."

"कोणाची?"

"पांढरी," काका म्हणाले आणि भाताकडे बघत राहिले.

तिने त्या भातावर आमटी वाढली. आधी त्यांच्या मनात होतं की बघू, स्वतःहून सांगते का. शुक्रवारभर ते तिच्याकडे चोरून बघत होते. ती भाजी चिरत होती, कपडे वाळत घालत होती, आणि मध्येच थांबून हाताने हवेत गिअर बदलल्यासारखं काहीतरी करत होती. दुपारपर्यंत काकांच्या ध्यानात आलं की आपण पुन्हा त्या टेबलापलीकडे जाऊन बसलो आहोत, आणि समोर पोर नाही, बायको आहे. तेव्हापासून त्यांना सांगायचं होतं, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. शनिवारी सकाळी ती ठेवणीतले कपडे घालून "मैत्रिणीकडे जाऊन येते" म्हणून गेली आणि दुपारी गुणगुणत परत आली. कोणत्या मैत्रिणीकडे, हे विचारायचं काकांनी टाळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माहिती नको होती.

ग्रुपवर 'रविवारचा कार्यक्रम रद्द' असं लिहायला त्यांनी तीनदा फोन उचलला. पण तोवर कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं होतं, 'खुर्च्या आणू का घरून?' आणि चार जणांनी 'हो' म्हटलं होतं.

रविवारी दहाला चौदा माणसं आली. बैठकीची खोली भरली, दोघं खिडकीच्या कट्ट्यावर बसले. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावलेला होता. काकांनी ठरवलं होतं की सांगायचं, तुकडा खराब निघाला, चालत नाही. वाक्य पाठ केलं होतं. तशी सबब त्यांच्या टेबलावर कोणी आणली असती तर त्यांनी त्याला उभा सोलला असता.

ड्रायव्हरसाहेब सगळ्यात शेवटी आले. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली. बसले नाहीत. काका तोंड उघडणार इतक्यात तेच म्हणाले, "काही दाखवायची गरज नाही. मीच धडकवली."

खोलीत कुजबुज उठली. शिंपीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही?"

"मी. रिव्हर्स घेताना अंदाज चुकला. खांब मी बांधून देतो. बत्तीस वर्षं..." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "बत्तीस वर्षं एक ओरखडा नव्हता. वय झालं माझं. चूक झाली."

काका बघतच राहिले. त्यांना हवं होतं ते सगळं, जसंच्या तसं, चौदा साक्षीदारांसमोर हातात येऊन पडलं होतं. फक्त "ठीक आहे" म्हणायचं, चहा मागवायचा, मोठ्या मनाने माफ करून टाकायचं. बायकोची लाज राहिली असती, आपला शब्द राहिला असता. दोन श्वासांइतका वेळ त्यांना हे फार आवडलं. मग त्यांची नजर ड्रायव्हरसाहेबांच्या हातांकडे गेली. बस चालवून रुंद झालेले ते हात त्यांनी शाळेतल्या पोरासारखे पाठीमागे बांधले होते.

"मान्य नाही," काका म्हणाले.

"काय मान्य नाही?"

"तुमची कबुली. तुम्ही धडकवलेली नाही."

"अहो, मी सांगतोय ना धडकवली म्हणून!"

"सांगून काय होतं? गाडी तुम्ही चालवत होता याला आधार काय?"

"मी कबूल करतोय हा आधार!" ड्रायव्हरसाहेब चिडले. "चार दिवस गल्लीभर माझ्या नावाने शंख केलात, आता मी कबूल केलं तर तेही चालत नाही?"

"खोटी कबुली मी तीस वर्षांत घेतलेली नाही, आजही घेणार नाही. तुम्ही निर्दोष आहात. खाली बसा!"

"मी बसणार नाही! मी दोषी आहे!"

खिडकीतला एक जण हसायला लागला, आणि मग हसू खोलीभर पसरलं. शिंपीणबाई शेजारणीला म्हणाल्या, "आता कोणाच्या बाजूने बोलायचं ते तरी कळू द्या."

तेवढ्यात काकांची बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने तो टीव्हीपुढच्या टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले.

"मी धडकवली," ती म्हणाली. "गाडी आमचीच. हे समोरचे भाऊ मला शिकवत होते, आणि कोणाला सांगायचं नाही अशी शपथ मीच घातली होती. त्यांनी पाळली. भाऊ, तुम्हाला हे असलं काही करायला मी सांगितलं नव्हतं."

ड्रायव्हरसाहेब हळूच खाली बसले.

"वहिनी, तुमची लायसन्सची परीक्षा..."

"काल झाली. पास झाले. धडकेनंतर तुमच्या गाडीत गिरवलेलं रिव्हर्ससुद्धा एका दमात." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्हाला गुरुवारपासून माहीत होतं."

"हो," काका म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?" असं विचारता आलं असतं, पण काकांनी तिच्यापुढे चहाचा कप केला.

"जावयाला मी विचारून घेतलं होतं," ती आता बायकांकडे बघून सांगू लागली. "म्हटलं, किती दिवसांचं राहतं? तो म्हणाला वीस. वीस दिवस मी कुंडीला रोज पाणी घातलं आणि दिवस मोजले. एकविसाव्या दिवशी गाढ झोपले. त्या मेल्या कार्डाचं तो बोललाच नाही."

यावर जे हसू झालं त्यात ड्रायव्हरसाहेबही सामील होते. मग तिसऱ्या घरातल्या नर्सबाईंनी विचारलं, किती दिवसांत येते हो गाडी? आणि शिंपीणबाई म्हणाल्या, पन्नाशीनंतर शिकवतात का? ड्रायव्हरसाहेबांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि सांगितलं की बस शिकायला आलेले लोक वहिनींच्या निम्म्यानेही धीट नसायचे. चहा संपेपर्यंत त्यांच्याकडे तीन जणींची नावं नोंदली गेली होती. खांबाबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही.

"पण काका, ते दाखवणार होतात त्याचं काय?" खिडकीतून कोणी तरी आठवण केली.

काकांनी बायकोकडे पाहिलं. "लावा," ती म्हणाली. "मला तरी कुठे बघायला मिळालंय?"

त्यांनी धडकेचा तुकडा लावला. लोकांनी तो तीनदा लावायला सांगितला. मग काकांनी न मागता पहिल्या दुपारचा तुकडाही लावला, सहा उड्यांचा, आणि तो चालू असताना ते टीव्हीकडे न बघता बायकोकडे बघत होते. ती हसायला लागली तेव्हा खांदे तसेच हलले.

ग्रुपवर माफी लिहायला त्यांना पूर्ण दुपार लागली. झोप पुन्हा रद्द. पहिल्या मसुद्यात 'उपलब्ध माहितीच्या आधारे' हे शब्द तीनदा आले होते. बायकोने ते खोडले. शेवटी एवढंच गेलं: 'ड्रायव्हरसाहेबांवर मी खोटा आळ घेतला. चूक माझी. क्षमा असावी.' ड्रायव्हरसाहेबांनी उत्तरादाखल फक्त बसचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा यावर काकांनी बराच वेळ विचार केला.

मंगळवारी गवंड्याला आणायला जायचं होतं. बायकोने किल्ली घेतली. काका शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. पहिल्या वळणाला त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. दुसऱ्या वळणाला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. चौथ्या वळणाला मात्र राहवलं नाही.

"तिसरा टाकायला हवा होता," ते म्हणाले.

"टाकलाय," बायको म्हणाली. त्यांनी वाकून पाहिलं. टाकलेला होता.

गवंडी मागच्या सीटवर बसून आला. बायकोने गाडी फाटकातून उलटी आत घेतली, एका दमात, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा ठेवून. गवंड्याने उतरून फुटलेला कोपरा पाहिला, विटेवरून हात फिरवला, मग मागे सरून पूर्ण फाटकाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"बांधून देईन," तो म्हणाला, "पण पुन्हा लागणार. आज ना उद्या कोणाची तरी लागणारच. फाटक फार अरुंद आहे. एवढं अरुंद कोणी ठेवायला सांगितलं हो?"

बायको गाडी बंद करून उतरली. तिने दार लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि नवऱ्याकडे पाहिलं. फाटकाची रुंदी काकांनीच ठरवली होती, टेप लावून, घर बांधताना. वहीत नोंदही होती.

"मी," काका म्हणाले. "दोन्ही खांब पाडा. हातभर वाढवून घेऊ."